बाया कर्वे आणि हिंगण्याचा आश्रम

बाया कर्वे म्हणजे आनंदीबाई धोंडो कर्वे. माहेरच्या गोदूबाई जोशी. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या त्या दुसऱ्या पत्नी आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. पुण्याजवळच्या हिंगण्याचा विधवाश्रम आणि त्यातून पुढे उभे राहिलेले महिला विद्यापीठ यांच्या इतिहासात कर्व्यांचे नाव पानोपानी येते, बायांचे क्वचित. ज्या पुनर्विवाहामुळे कर्व्यांचे सार्वजनिक आयुष्य सुरू झाले, त्याच पुनर्विवाहामुळे बायांना आश्रमापासून दूर राहावे लागले. त्यांचे चरित्र या पेचाभोवती फिरते.

गोदूबाईंचा जन्म १८६० च्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखच्या जोशी घराण्यात झाला. वडील बाळकृष्ण जोशी. घर चित्पावनांचे, खाऊन-पिऊन सुखी म्हणावे इतकेही नव्हे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे आठव्या वर्षी माखजनच्या नातू घराण्यात त्यांचे लग्न लागले आणि काही महिन्यांतच नवरा वारला. लग्न म्हणजे काय आणि वैधव्य म्हणजे काय, हे दोन्ही कळण्याआधी दोन्ही होऊन गेले होते. पुढची दहा-बारा वर्षे त्यांनी सासरी काढली.

कोकणातल्या ब्राह्मण घरातली विधवा म्हणजे घरातला सगळ्यांत हक्काचा कामकरी हात. पहाटे विहिरीचे पाणी ओढायचे, गोठा साफ करायचा, भात सडायचे, सोवळ्यात स्वयंपाक करायचा, बाळंतिणीचे आणि आजाऱ्याचे करायचे, आणि स्वतः मात्र एकवेळ जेवून उपासतापास करायचे. मुलगी लहान असेपर्यंत तिच्या डोक्यावर केस ठेवीत. वयात आली की न्हाव्याला बोलावून वपन केले जाई आणि अंगावर आलवण येई. मग मंगलकार्यात तिने पुढे यायचे नाही आणि प्रवासाला निघालेल्याच्या वाटेत उभे राहायचे नाही. गोदूबाईही या सगळ्यातून गेल्या. शरीर कष्टाला सरावले होते, स्वभाव रोखठोक होता आणि अक्षर एकही येत नव्हते.

कायद्याने वाट मोकळी होऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. १८५६ च्या हिंदू विधवा पुनर्विवाह कायद्याने असा विवाह वैध ठरवला, पण पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला. म्हणजे परवानगी मिळाली, आधार गेला. महाराष्ट्रात विष्णुशास्त्री पंडित, न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मंडळ स्थापले, १८६९ मध्ये मुंबईत एक गाजलेला पुनर्विवाहही घडवून आणला. त्यानंतर पुण्यात शंकराचार्यांपुढे वाद झाला, सुधारकांवर बहिष्कार पडला आणि चळवळीचा जोर ओसरला. पत्नी वारल्यावर खुद्द रानड्यांनी १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहाने अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केले. व्याख्याने देणारे पुष्कळ होते; सुधारणा आपल्या घरात आणणारे फार थोडे.

गोदूबाईंची सुटका झाली ती भावामुळे. नरहरपंत जोशी मुंबईत शिकत होते. धोंडो केशव कर्वे हे त्यांचे स्नेही. दोघांची बिऱ्हाडे एकत्र असत. घर सांभाळायला म्हणून नरहरपंतांनी बहिणीला मुंबईला आणले आणि विशी उलटलेल्या गोदूबाईंनी तिथे मुळाक्षरे गिरवायला घेतली. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी अमेरिकेतल्या देणगीदारांच्या पैशावर मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा नरहरपंतांनी बहिणीला तिथे घातले. सदनात दाखल झालेली ही पहिली विधवा. नवऱ्याच्या पश्चात एका बाईने शिकावे, तेही ख्रिस्ती झालेल्या बाईच्या शाळेत, याला त्या काळी धाडस लागे. त्याचे श्रेय भावाचे जितके, तितकेच त्या मोठ्या वयात लहान मुलींच्या शेजारी पाटी घेऊन बसणाऱ्या बहिणीचे.

शारदा सदनात हिंदू मुलींना आपले सोवळेओवळे आणि खाणेपिणे पाळण्याची मोकळीक होती. पण तिथल्या वातावरणात आणखी काही होते. घराबाहेर स्त्रीला स्वतःचे असे आयुष्य असू शकते, तिने डोक्यावर केस राखले तर आभाळ कोसळत नाही, ती शिकून चार पैसे मिळवू शकते, हे तिथे रोज दिसत होते. १८९० च्या अखेरीस सदन पुण्याला हलले आणि गोदूबाईही पुण्याला आल्या.

१८९१ मध्ये दोन गोष्टी घडल्या. कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली. मागे मुलगा रघुनाथ होता. त्याच वर्षी कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून पुण्यात आले. वय तेहेतिशीचे. आप्तेष्ट नवी मुलगी बघू लागले, आणि ती मुलगी अर्थातच बारा-तेरा वर्षांची असणार होती. कर्व्यांनी सांगितले की लग्न करायचे तर विधवेशीच. मित्राची बहीण त्यांच्या माहितीतली होती. जोशी कुटुंबाची संमती मिळाली आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हे लग्न लागले. शारदा सदन उघडल्याला त्याच दिवशी चार वर्षे पूर्ण झाली होती. गोदूबाई आनंदीबाई झाल्या. घरात आणि पुढे सगळ्या हिंगण्यात त्यांना बाया म्हणत.

परिणाम कोकणात लगेच दिसला. कर्व्यांचे गाव दापोलीजवळचे मुरुड. गावाच्या भल्यासाठी त्यांनी ‘मुरुड फंड’ काढला होता, गावात इंग्रजी शाळा आणली होती. त्याच गावाने सभा भरवून ठराव केले: या लग्नाचा निषेध, ज्या सभेला कर्वे हजर असतील तिथे कोणी जायचे नाही, आणि कर्वे आईच्या किंवा भावाच्या घरात राहिले तर त्या कुटुंबालाही वाळीत टाकायचे. यातला तिसरा ठराव सगळ्यांत जिव्हारी लागणारा. बहिष्कार जोडप्यावर टाकून गाव थांबले नाही. म्हाताऱ्या आईला मुलगा आणि गाव यांपैकी एक निवडायला लावले. अशा वेळी ‘ती घरात आली आणि हे झाले’ असे म्हणायला सगळे मोकळे असतात. नव्या सुनेच्या वाट्याला सासरची ओळख आली ती अशी.

पुण्यातही ब्राह्मण वस्तीत अशा जोडप्याला भाड्याने घर मिळणे सोपे नव्हते. हळदीकुंकू, मुंजी, लग्ने यांची आमंत्रणे थांबत. उरत ती आपल्यासारखीच मोजकी कुटुंबे. १८९३ च्या अखेरीस कर्व्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापली. दोन वर्षांत तिचे नाव बदलून विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी केले, कारण लग्नाला उत्तेजन देण्यापेक्षा करू इच्छिणाऱ्यांच्या वाटेतले अडथळे दूर करणे एवढेच आपले काम, असे त्यांना वाटू लागले. हे काम कागदावर कितीही असले तरी त्याला लागणारे घर बायांचे होते. पुनर्विवाहितांची मुलेबाळे, शिकायला आलेले नातलग, कुठे थारा नसलेल्या बायका अशी माणसे त्या घरात राहून गेली. कर्वे पहाटेपासून रात्रीपर्यंत बाहेर असत. शिकवण्या, कॉलेज, मंडळीची कामे. स्वयंपाक, दुखणीबाणी आणि पैशाची ओढाताण बायांकडे.

बायांना केवळ घर सांभाळायचे नव्हते. आपण कमवावे, असे त्यांच्या मनात होते. त्यासाठी त्यांनी नागपूरला जाऊन सुईणीचे रीतसर शिक्षण घेतले. संसार मागे ठेवून बायकोने परगावी शिकायला जाणे ही गोष्ट सुधारकांच्या घरांतही तेव्हा विरळा होती. हे काम त्यांनी निवडले यात नवल नाही. घरातल्या बाळंतिणींचे करणे विधवांच्या वाट्याला येतच असे. बायांनी त्या अनुभवाला शिक्षणाची जोड दिली आणि त्याचे मोल मागितले. फुकट राबणाऱ्या हातांना मोबदला मिळावा, हा विचार त्यांनी भाषणातून मांडला नाही, करून दाखवला.

दरम्यान शारदा सदन वादात सापडले होते. मुलींना ख्रिस्ती केले जाते, असा आरोप १८९३ मध्ये जोरात झाला, पालकांनी मुली काढून नेल्या आणि रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी अंग काढून घेतले. विधवांना शिकवणारी पण हिंदूंनी चालवलेली संस्था हवी, अशी गरज तयार झाली. १४ जून १८९६ रोजी कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापली. अध्यक्ष रामकृष्ण गोपाळ भांडारकर, चिटणीस कर्वे. पुढे पुण्यात प्लेग आला, शहरात मुलींना ठेवणे कठीण झाले, तेव्हा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला दिलेल्या सहा एकर जागेत एक साधी झोपडी उभारून १९०० मध्ये आश्रम तिकडे नेला. त्या काळी हिंगणे म्हणजे माळरान. शहरापासून चारेक मैल, मधे धड रस्ता नाही. कर्वे कॉलेज सुटले की सामान घेऊन पायी आश्रमात जात, रात्री तिथे राहून शिकवीत आणि सकाळी परत येत. चरित्रकारांना ही रोजची पायपीट फार आवडते आणि ती खरोखरच अचाट होती. मात्र प्राध्यापक रात्रीही आश्रमात असत, तेव्हा पुण्यात मुलांजवळ कोण असे, हा प्रश्न ही गोष्ट सांगताना फारसा विचारला जात नाही.

बाया हिंगण्याला का गेल्या नाहीत, याचे उत्तर आश्रमाच्या धोरणात आहे. विधवा मुलीला आश्रमात पाठवणाऱ्या बापाला एकच भीती असे: ही मंडळी तिचे लग्न लावून देतील. पुनर्विवाह आणि शिक्षण ही दोन कामे एकत्र राहिली तर आश्रमात एकही मुलगी येणार नाही, हे कर्व्यांनी ओळखले आणि पुनर्विवाहाच्या चळवळीपासून स्वतःला बाजूला केले. आश्रमात सोवळे पाळले जाई, मुंडन केलेल्या विधवा तशाच राहत, व्रतवैकल्ये चालत. अशा ठिकाणी पुनर्विवाहित बाईने, तीही संस्थापकाची बायको, मोकळेपणाने वावरणे लोकांना खपले नसते. म्हणून बायांचा संसार सुरुवातीची बरीच वर्षे आश्रमापासून वेगळा राहिला. तिथे गेल्यावरही त्यांना पंक्तीचा भेद सोसावा लागे.

हे धोरण व्यवहारी होते यात शंका नाही. त्यामुळे आश्रम तगला, शेकडो मुली शिकल्या, आणि पुनर्विवाहाने जे साधले नसते ते शिक्षणाने साधले. पण त्याची किंमत कर्व्यांइतकीच, किंबहुना अधिक, बायांनी मोजली. कर्वे पुनर्विवाहित असूनही आश्रमाचे सर्वेसर्वा होऊ शकले, कारण ते पुरुष होते. विटाळ फक्त बायकोला लागला. सुधारणेच्या इतिहासात इतका उघड दुजाभाव दाखवणारे उदाहरण शोधून सापडायचे नाही.

हा पेच एकाच आईबापांच्या दोन मुलींमध्ये आणखी ठळक दिसतो. बायांची धाकटी बहीण कृष्णा, म्हणजे पार्वतीबाई आठवले, १८७० ची. तीही ऐन तारुण्यात विधवा झाली, पदरी एक मुलगा होता. तिनेही पुनर्विवाह करावा असे सुचवले गेले. तिने ठाम नकार दिला आणि आश्रमात येऊन शिकली. मग ती आश्रमाचा आधारस्तंभ झाली. गावोगाव फिरून व्याख्याने दिली, देणग्या आणल्या, पन्नाशीच्या उंबरठ्यावर इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेला जाऊन तिथे घरकाम करून दिवस काढले. तिची ‘माझी कहाणी’ १९२८ मध्ये आली आणि दोन वर्षांत इंग्रजीतही गेली. पार्वतीबाईंचे कर्तृत्व मोठेच. पण थोरल्या बहिणीला बंद असलेले आश्रमाचे दार धाकटीला उघडे होते, कारण ती विधवा राहिली होती.

घरखर्चाचा प्रश्न सतत होता. फर्ग्युसन कॉलेजचे आजीव सभासद म्हणजे तुटपुंज्या पगारावर वीस वर्षे काम करण्याची शपथ घेतलेले लोक. कर्वे त्यातलेही वाचेल ते आश्रमाला देत. आश्रमासाठी त्यांनी आपली हजार रुपयांची शिल्लक दिली आणि पाच हजारांची विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे केली. ही पॉलिसी म्हणजे नवऱ्याच्या माघारी बायकोमुलांसाठी असलेली एकमेव तरतूद. एकदा विधवा म्हणून सगळे भोगलेल्या बाईला तिचा अर्थ दुसऱ्या कोणापेक्षाही जास्त कळत होता. बायांना हे पटले नाही आणि त्यांनी ते लपवलेही नाही. नवऱ्याच्या त्यागाला मान डोलावणारी पतिव्रता, असे चित्र त्यांच्याबाबतीत रंगवता येत नाही. त्या भांडत, बोलून दाखवत, आणि मग संसार पुन्हा ओढायला लागत.

मुलांचे शिक्षण त्यांनी तडीस नेले. सावत्र मुलगा रघुनाथ गणिताचा प्राध्यापक झाला. संततिनियमनाचा उघड प्रचार करणारे आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणारे र. धों. कर्वे ते हेच. शंकर डॉक्टर होऊन पूर्व आफ्रिकेत मोंबासाला स्थायिक झाले. दिनकर जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आले आणि फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे या त्यांच्या पत्नी. भास्कर यांनी पत्नी कावेरीबाईंसह हिंगण्याच्या संस्थेलाच वाहून घेतले. जई निंबकर आणि गौरी देशपांडे या लेखिका बायांच्या नाती. जिला विशीपर्यंत अक्षर येत नव्हते, तिच्या घरात दोन पिढ्यांत पुस्तके लिहिणाऱ्या इतक्या बायका झाल्या.

हिंगण्याची संस्था वाढत गेली. १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले, त्यानंतर निष्काम कर्ममठ. आता कुमारिकाही शिकू लागल्या, आणि विधवांपुरता असलेला आश्रम स्त्रीशिक्षणाची संस्था झाला. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून कर्व्यांनी तशी कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये भारतवर्षीय महिला विद्यापीठ स्थापन झाले. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिल्यावर त्याला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. काळ बदलला तशी सोवळ्याची धार बोथट झाली, बायांना हिंगण्यात जागा मिळाली आणि मान्यताही. उतारवयात त्यांनी स्वतः लोकांकडे जाऊन संस्थेसाठी वर्गण्या मागितल्या. ज्या आश्रमाने आपल्याला पंक्तीत घेतले नाही त्याच्यासाठी हात पसरण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. संस्थेचे महत्त्व त्यांना कधीच नाकबूल नव्हते. त्यांचा झगडा होता तो घराच्या वाट्याला काहीच न उरण्याशी.

कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. बायांची बाजू लोकांसमोर यायला आणखी तीसेक वर्षे गेली. ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये निघाले, ते सून कावेरीबाईंच्या संपादनाखाली. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० मध्ये आल्या होत्या, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तीसच्या दशकात. या दोघींचे लेखन मराठी वाचकाच्या नित्य परिचयाचे आहे. बायांचे पुस्तक त्या मानाने लहान, अलंकाराविना, बोलल्यासारखे. त्यात स्वतःचा गौरव नाही तसा नवऱ्याचा पोवाडाही नाही. पुढे दिनकर कर्व्यांनी इंग्रजीत संपादित केलेल्या ‘द न्यू ब्राह्मन्स’ या १९६३ च्या संग्रहात आईच्या आठवणींना जागा दिली, आणि महाराष्ट्राबाहेरच्या अभ्यासकांना बाया माहीत झाल्या त्या तिथून.

रंगभूमीवर हा संसार आला तो १९७२ मध्ये, वसंत कानेटकरांच्या ‘हिमालयाची सावली’ या नाटकातून. नावे बदललेली आहेत. नानासाहेब भानू आणि बयो. डॉ. श्रीराम लागू आणि शांता जोग यांच्या त्या भूमिका गाजल्या. घरासाठी भांडणारी, तोंडाने फटकळ पण मनाने भक्कम बयो प्रेक्षकांनी उचलून धरली. मात्र नाटकाने बायकोचे चित्र नवऱ्याच्या सावलीतच रंगवले, आणि नाटकातली बयोच खरी, असा समज पुष्कळांचा झाला. सुईणीचे शिक्षण घेणाऱ्या, स्वतःच्या मिळकतीचा हट्ट धरणाऱ्या बायांना सावली म्हणणे बरोबर नाही.

बायांचे निधन १९५० मध्ये झाले. कर्व्यांना पद्मविभूषण मिळाले १९५५ मध्ये आणि शंभरी पूर्ण होताना १९५८ मध्ये भारतरत्न. ते १९६२ पर्यंत जगले. या सन्मानांपैकी एकही पाहायला बाया नव्हत्या. हिंगण्याचा इतिहास समजून घ्यायचा तर ‘आत्मवृत्त’ आणि ‘माझे पुराण’ ही दोन्ही पुस्तके वाचावीत, आणि शक्य तर दुसरे आधी.